फोटो काढायचाय, पण घरच्यांनी बघितला तर?

"मॅडम, माझा एक तरी फोटो असा हवाय ज्यात मी खरा दिसेन, पण तो घरी कुणी बघितला तर संपलंच." माझ्याकडं समुपदेशनाला येणारे गे, लेस्बियन, ट्रान्स, कितीतरी जण हेच विचारतात, त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पंचविशीच्या आतला मुलगा, घर गावाकडं, नोकरी पुण्यात. मैत्रीण क्वीअर, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशा लोकांचे पोर्ट्रेट फोटो काढत होती, तिनं यालाही विचारलं. मिशी तशीच ठेवून नथ घालून बसायचं ही त्याची खूप दिवसांची इच्छा, पण हो म्हणाला आणि झोपच उडाली, बाबांच्या व्हॉट्सअॅपवर फोटो पोचलाय असंच सारखं डोळ्यापुढं यायचं.

मी म्हटलं, काढणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, तू दोन्ही एकदमच ठरवायला बसलायस म्हणून एवढं दडपण येतंय.

मग आम्ही फोटोग्राफर सुनील गुप्तांची 'एक्झाइल्स' ही फोटोंची सिरीज बघितली. १९८६-८७ ची दिल्ली, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतंच, इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा रोजच्या जागी गे पुरुष, आणि बऱ्याच फोटोंत चेहरा वळवलेला नाहीतर दिसतच नाही. तो बराच वेळ बघत बसला, म्हणाला, पाठ दिसली तरी माणूस कळतोय की! फोटोग्राफर झानेले मुहोलींचं कामही दाखवलं, दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स लोकांचे २००६ पासून काढलेले पोर्ट्रेट, बहुतेक सगळे थेट कॅमेऱ्यात बघणारे. तिथं त्याच वर्षी समलिंगी लग्नाचा कायदा झाला तरी हल्ले थांबले नव्हते, म्हणून ते चेहरे दिसणं मुहोलींना गरजेचं वाटलं. मला दोन्ही तितकंच धाडसाचं वाटतं, चेहरा झाकला म्हणजे भित्रा असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

बाकी कामाच्या गोष्टी आधीच बोलून घ्या, फाइल कुणाकडं राहणार, कुठं लावणार, नंतर नाही म्हणालात तर काढून टाकणार का, हे मेसेजवर लिहून घ्या. फोनचा बॅकअप घरच्यांच्या अकाउंटला जात नाही ना तेही बघा. आणि कुणी फोटो दाखवीन म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, चॅट जपून ठेवा, सायबर पोलिसांकडं जा, ३७७ ची भीती घालत असेल तर सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ते २०१८ पासूनच लागू नव्हतं, आणि २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात तर ते कलमच नाही.

त्यानं फोटो काढला, नथ घालून, चेहरा अर्धा उजेडात. सध्या तो फक्त त्याच्याकडं आणि बहिणीकडं आहे, नथ तिचीच होती. आईला दाखवायचं का ते अजून ठरलं नाहीये, त्यावर आमचं बोलणं चालूय.