निघण्याआधी तारा आणि टाकी बघा
शिडाच्या बोटीने वहिनींसोबत मुंबई ते गोवा म्हणजे सुमारे २२५ सागरी मैल. निवृत्तीनंतर निघताय, तर घाई कसली? पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा घ्या, दुपारी वायव्येचा जोर वाढला की जयगड, विजयदुर्ग, देवगड जे बंदर जवळ असेल ते गाठा. अंधारात मच्छीमारांची जाळी दिसत नाहीत.

सगळ्यात आधी डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा. प्रत्येक तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला एक धागाही कापूस धरून ठेवतो. तार जिथे फिटिंगमध्ये शिरते तिथे भिंग लावून बघा. तांबूस डाग किंवा चीर दिसली तर तार बदलाच, पैशाकडे बघू नका.

मग डिझेलची टाकी. बंदरात इंजिन छान चालतं, पण लाटांवर तळाचा गाळ ढवळतो आणि फिल्टर तुंबतो. माझं इंजिन असंच ऐन खाडीच्या तोंडाशी बंद पडलं. तेव्हापासून चार जादा फिल्टर जवळ असतात.

संकटात मदत मागायला व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबर चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर वहिनींनाही पाठ हवा. सुकाणूही त्यांच्या हाती द्या, अगदी महिनाभर आधीपासून. तुम्ही पाण्यात पडलात तर बोट वळवून आणणार त्याच.