मल्लखांब शिकवताना दादा कमरेला हात लावतात ते मुलीला आवडत नाही. पालक म्हणून मी काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अकरा वर्षांची मुलगी वर्षभर दोरीच्या मल्लखांबाला जाते, गेल्या आठवड्यात ती म्हणाली की "दादा कमरेला हात लावतात ते मला आवडत नाही", इतर पालकांचे म्हणणे असे की या खेळात हात लावावाच लागतो, आणि पुढच्या महिन्यात वर्गातली मुले दोन दिवसांसाठी परगावी स्पर्धेला जाणार आहेत. मी स्वतः लहानपणी दोरीवर शिकले आणि गेली १९ वर्षे एका तालुक्याच्या गावी संध्याकाळचा वर्ग घेते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

इतर पालक सांगतात ते खोटे नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर कसा धरायचा हे नवशिक्या मुलीचे पाऊल हातात घेऊनच दाखवावे लागते, आणि पहिल्यांदा उलटे होताना पाठीखाली व खांद्याजवळ आधार दिला नाही तर मूल मानेवर आपटू शकते. पण अशा आधाराला कारण असते, जागा ठरलेली असते आणि शेवटही असतो. आसन जमले की हात निघतो. जे आसन मुलगी सहा महिने एकटीने करते आहे, त्यासाठी तिला आजही कमरेला धरले जात असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नवीन, अवघड आसन चालू असेल तर त्या हाताचा अर्थ वेगळा असू शकतो. तरीही मुलीला ते आवडत नाही ही गोष्ट शिल्लक राहतेच, आणि तिच्यावरही उपाय आहे.

माझ्या वर्गात मी मूल जमिनीवर असतानाच सांगते, "आता मी तुझ्या पाठीला आणि पोटरीला धरणार आहे, चालेल ना?" सुरुवातीला मुली हसायच्या, आता त्याच लहान मुलांना आधार देताना हे वाक्य म्हणतात. एखादी "नको" म्हणाली तर दोर खालूनच धरायला लावून कमी उंचीवर सराव घेता येतो, खाली आणखी एक गादी टाकता येते, मोठ्या मुलीला आधाराला उभे करता येते, किंवा ते आसन महिनाभर बाजूला ठेवता येते. अकरा वर्षांच्या मुलीचे एक आसन महिनाभर लांबले म्हणून काहीही बिघडत नाही. मला शिकवणाऱ्यांनी असे कधी विचारले नव्हते आणि तेव्हा त्यात कोणाला काही वावगेही वाटत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

मुलीशी बोलताना दोन गोष्टी टाळा. "कुठे लावला, किती वेळा, नक्की का?" अशी सरबत्ती केली की मूल आपल्याला हवे ते उत्तर शोधू लागते किंवा गप्प होते. आणि "दादा तसे नाहीत गं" हे वाक्य तर मुळीच नको, कारण पुढे खरोखर काही घडले तरी ती तुमच्याकडे येणार नाही. "तेव्हा काय चालू असतं?" एवढे विचारा आणि थांबा. बाकीचे भांडी घासताना किंवा स्कूटरवर मागे बसल्यावर तीच सांगेल.

त्यानंतर प्रशिक्षकांना भेटा. आरोपाच्या सुरात नव्हे, "कोणत्या आसनाला आधार कुठे देता ते मला एकदा दाखवाल का?" असे विचारा. खेळ मनापासून शिकवणारा माणूस उलट खूश होऊन अर्धा तास समजावून सांगेल. "इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही, विश्वास नसेल तर मुलीला काढा" असे उत्तर आले तर मी माझ्या मुलीला काढेन.

मात्र मुलीच्या बोलण्यात कपड्याच्या आतला किंवा खाजगी अवयवांचा स्पर्श, एकटीला थांबवून घेणे, रात्रीचे मेसेज, फोटो मागणे किंवा "आईला सांगू नकोस" असे काही आले, तर प्रशिक्षकांना भेटायला जाऊच नका आणि मंडळाच्या अध्यक्षांकडून "आपसात मिटवून" घेण्याची वाटही पाहू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली तरी पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. घडलेला गुन्हा न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. "मुलीला चौकीच्या पायऱ्या चढाव्या लागतील" या धास्तीने अनेक पालक गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. कोठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

वर्गाकडे पाहताना माणूस चांगला की वाईट हे ओळखण्याच्या फंदात पडू नका. ते कोणालाच जमत नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा कित्येक मुलींनी सांगितले की उपचाराच्या नावाखाली हे चालू असताना आई किंवा वडील त्याच खोलीत होते. तो सगळ्यांना प्रेमळ वाटत असे. त्यानंतर त्या देशातल्या नियमांत एक साधे सूत्र ठळकपणे आले: प्रौढ आणि मूल यांच्यात जे काही चालेल ते दुसऱ्याला दिसले पाहिजे आणि दुसऱ्याला मध्येच थांबवता आले पाहिजे. मी हेच सूत्र आमच्या भाड्याच्या सभागृहाला लावले. दार उघडे असते. शेवटचे मूल घरी जाईपर्यंत दोन मोठी माणसे थांबतात, मग पाऊस असो की वीज गेलेली असो. निरोप पालकांच्या गटावर जातो, मुलांच्या फोनवर नाही. मालीश लागली तर घरच्यांनी करावी किंवा फिजिओथेरपिस्टकडे न्यावे. यातला एकही नियम कोणावरच्या संशयातून आलेला नाही, आणि म्हणूनच तो माझ्यासकट सगळ्यांना लागू असतो.

मुलग्यांविषयी वेगळे लिहावेसे वाटते, कारण त्यांची काळजी कोणी करत नाही. पुरलेल्या मल्लखांबावर मुलगे लंगोट किंवा आखूड चड्डीवर असतात, एरंडेल लावलेले असते, मोठी मुले लहानांना उचलून लाकडाला लावतात, आणि थट्टेच्या नावाखाली काय चालते याकडे सहसा कोणी पाहत नाही. पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. तुमच्या वर्गात मुलग्यांसाठी कपडे बदलायला आडोसा आहे का, हे पाहिलेत तर वर्ग किती विचाराने चालवला जातो ते लगेच कळेल.

सगळा त्रास स्पर्शातूनच होतो असेही नाही. वर्ग सुरू केल्याच्या सातव्या-आठव्या वर्षी मी एका तेरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांदेखत म्हटले होते, "वजन वाढलंय तुझं, दोर पेलणार नाही आता." मला तो विनोद वाटला होता. तीन आठवड्यांनी तिची आई सांगायला आली की ती रात्री जेवत नाही. मी मुलीची माफी मागितली, तीही सगळ्यांदेखत, पण ती पुढच्या हंगामाला आली नाही. तेव्हापासून वर्गात वजनाचा उल्लेख होत नाही. ताकद कमी पडते आहे असे वाटले तर व्यायाम वाढवते. पडल्यावर छडी, हरल्यावर फेऱ्या, सगळ्यांसमोर अपमान हे प्रकार अजूनही "शिस्त" म्हणून चालतात. शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. खाजगी वर्ग त्यातून सुटले तरी बाल न्याय कायद्याचे मुलांशी क्रूरतेने वागण्याबद्दलचे ७५ वे कलम मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू पडते.

आता थोडे पालकांना. स्पर्धेत दुसऱ्यांच्या मुलींचे उलट्या आसनातले व्हिडिओ काढून ते इन्स्टाग्रामवर टाकणारे बहुतेक वेळा आपलेच कौतुकाने भारलेले काका-मामा असतात. तुमच्या मुलीचा असा व्हिडिओ कोणी टाकला असेल तर तो काढायला सांगा, संकोच करू नका. आणि पंचांवर ओरडू नका. गुण कमी झाल्याचे दुःख मुलीला असतेच, त्यात आईबापांची लाज भर घालते.

पुढच्या महिन्याच्या स्पर्धेबद्दल मंडळाला लेखी विचारा: मुलींसोबत कोणती महिला जाणार आहे, तिच्याशिवाय दुसरे मोठे माणूस कोण, मुक्काम शाळेत की लॉजवर, खोल्या कशा वाटल्या आहेत, रात्री खोलीत डोकवायचे झाले तर दोघे मिळून जाणार का, दुखापत झाली तर कोणत्या दवाखान्यात नेणार. प्रशिक्षक आणि मुले एका खोलीत झोपणार असतील तर नकार द्या, मग ते कितीही जवळचे असोत. जागा कमी आहे हे कारण मी अनेकदा ऐकले आहे. जागा कमी असेल तर मुले कमी न्यावीत. सॅनिटरी पॅड, तिच्या औषधांची नावे आणि तुमचा क्रमांक लिहिलेला कागद तिच्या बॅगेत ठेवा, आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी तिचा फोन येईल, तेव्हा शेजारी कोणी नसेल, हे सोबतच्या ताईंशी आधीच बोलून ठेवा. "आजीला मेथीचे लाडू ठेवायला सांग" यासारखे एखादे वाक्य दोघींनी ठरवून घ्या. ते ती म्हणाली की काही न विचारता तिला आणायला निघायचे. आमच्या वर्गात ते वाक्य आजवर एकदाच वापरले गेले, आणि कारण होते घरची आठवण. वडील तरीही ९० किलोमीटर गाडी चालवून आले. जायच्या आदल्या दिवशी ती नको म्हणाली, तर पैसे भरलेले असले तरी पाठवू नका.