आधी बायोसमधली तारीख बघ, फॉरमॅटचं नंतर

महिनाभर गावाला जाऊन आलास, पीसी लावला तर काळ्या स्क्रीनवर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', आणि दुकानवाला म्हणतो हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल. अरे पण डिस्क गेली तर फॉरमॅट मारणार कशावर, हे विचारलंस का त्याला?

पीसी चालू केल्या केल्या डिलीट दाबत राहा (काही बोर्डांना एफ२ लागतं), बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम) उघडलं की पहिली तारीख बघ. वर्ष भलतंच जुनं दिसलं तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय, सीआर२०३२, नाण्याएवढा चपटा, ३ व्होल्टचा. मेन स्विच बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं आणि जुन्या बोर्डांवर बायोसची सेटिंगंपण त्याच्याच जिवावर टिकतात, तो मेला की सगळं डिफॉल्टवर.

मग साटाच्या (डिस्क जोडायच्या पोर्टांच्या) यादीत डिस्कचं नाव येतंय का बघ. नसेल तर केबल काढून परत घट्ट बसव, तरी नाही आलं तर मात्र दुकानवाला बरोबर असू शकतो. नाव येत असेल तर मला संशय बूट मोडचा (पीसी डिस्कवरून सुरू व्हायच्या पद्धतीचा) आहे, कारण तू म्हणतोस विंडोज ७ चं १० केलेलं, म्हणजे डिस्क बहुतेक अजून एमबीआरच (जुन्या पद्धतीने विभागलेली) आहे, आणि बायोस नुसत्या यूईएफआयवर (नव्या बूट पद्धतीवर) गेलं असेल तर त्याला ती बूट करायला दिसणारच नाही. सिक्युअर बूट बंद, सीएसएम किंवा लेगसी (म्हणजे जुनी बूट पद्धत) चालू, बूट ऑर्डरमध्ये डिस्क पहिली, सेव्ह करून बाहेर. आता विंडोजचा लोगो येऊन निळी स्क्रीन आली तर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बदललाय, एएचसीआय असेल तर आयडीई करून बघ किंवा उलट. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि आधी मोबाइलवर फोटो काढ.

मेहुण्याच्या पीसीला मी हे सगळं मोठ्या थाटात करून दिलं, सेल मात्र तोच ठेवला, रात्री त्याने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं आणि सकाळी चहाच्या आधी फोन. तेव्हा सेल बदलच, पॉवर केबल काढून, प्लसची बाजू वर. आणि तारीख नीट लाव, नाहीतर पीसी सुरू होईल पण ब्राउजर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची बोंब मारेल.