आवाज बंद करून बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठवडाभर रात्री जेवताना समोर कुकरी शो लावायचा, त्यातल्या शेफच्या लकबी पाठ करायच्या आणि सुट्टी उजाडली की ओट्यापाशी उभं राहायचं, हे तुझं वेड मला मनापासून आवडलं. पण शेवटी तू विचारलंस, 'त्यांच्यासारखं माझं एकदाही होत नाही, हा नाद सोडून देऊ का?' ते वाचून लगेच लिहायला बसले.

नाद सोडू नकोस. बघायची पद्धत मात्र बदल.

मी काही वर्षं अशाच एका कार्यक्रमाच्या कॅमेऱ्यामागे होते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पडद्यावर एक पदार्थ दिसायचा, तेव्हा आमच्या मागच्या टेबलावर त्याची चार रूपं मांडलेली असायची: चिरून ठेवलेलं, अर्धं शिजलेलं, पूर्ण झालेलं आणि काही बिनसलंच तर हाताशी असावं म्हणून एक जादा. 'आता हे वीस मिनिटं शिजू द्या' म्हणत शेफ भांडं बाजूला सरकवायचे आणि त्याच क्षणी तयार भांडं पुढे यायचं. ते आम्ही सकाळीच करून ठेवलेलं असे. यात फसवणूक नाही. तासाभराचा पदार्थ अर्ध्या तासात दाखवायला दुसरा मार्गच नसतो. पण घरी तुझ्यामागे असं टेबल नसतं, आणि तू तुझ्या एका भांड्याची तुलना त्यांच्या चार भांड्यांशी करत बसतेस.

तुझ्या कांद्याचंच घे. शेफ म्हणाले पाच मिनिटं परता. पाच मिनिटांनी तुझा कांदा नुसता मऊ आणि फिकट होता, म्हणून तू आच वाढवलीस आणि कडा करपल्या. अगं, कांद्यात वजनाच्या जवळजवळ 90 टक्के पाणीच असतं. ते पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास अडकून राहतं. तपकिरी रंग आणि खमंगपणा जोमाने यायला त्याच्या बरंच वर, साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. आधी पाणी जायला हवं, मग रंग. मंद आचेवर कांदा एकसारखा गडद व्हायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. पडद्यावर तो वेळ कापलेला असतो. शिवाय तू भांडं काठोकाठ भरतेस. मग वाफ कोंडते आणि कांदा परतला न जाता उकडतो. तुझ्या हातात काही खोट नाही. तुला वेळ चुकीची सांगितली गेली, एवढंच.

म्हणून एखादा आवडता भाग पुन्हा लाव आणि आवाज पूर्ण बंद कर. बोलणं थांबलं की हात दिसायला लागतात. गॅसच्या बटणाकडे हात किती वेळा जातो, भांडं कधी हलवतात आणि कधी मुद्दाम हलवत नाहीत, मीठ किती उंचीवरून पडतं, ते बघ. जाक पेपँ या फ्रेंच शेफच्या टीव्ही कार्यक्रमांचे जुने भाग मिळाले तर अवश्य बघ. हा माणूस वयाच्या 13व्या वर्षी हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारीला लागला होता. त्यांच्या वेगाच्या मोहात पडू नकोस; डावा हात बघ. बोटांची टोकं आत वळलेली आणि सुरीचं पातं पेरांना टेकून चाललेलं. वेग त्या पकडीतून आपोआप आला आहे.

आणि टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या ज्युलिया चाइल्ड. त्या पॅरिसमध्ये स्वयंपाक शिकायला लागल्या 1949 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्यांचा 'द फ्रेंच शेफ' हा कार्यक्रम 1963 मध्ये बॉस्टनहून सुरू झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. पैसा बेताचा, चित्रीकरण जवळजवळ सलग, त्यामुळे चुका तशाच राहायच्या. एका भागात बटाट्याचा मोठा थर उलटवताना त्यातला काही शेगडीवर सांडला. त्यांनी तो गोळा करून पॅनमध्ये परत बसवला आणि उलटवताना आपलं धाडस कमी पडलं, हे तिथल्या तिथे सांगितलं. (लोकांनी पुढे याची जमिनीवर पडलेली कोंबडी केली. तसं काही झालं नव्हतं.) मला त्यातलं कारण सांगणं फार मोलाचं वाटतं. तूही काही बिघडलं की हळहळण्याआधी 'का' ते मोठ्याने बोल. कांद्याच्या कडा पारदर्शक झाल्या, तेल सुटायला लागलं, असं जे दिसतं तेही बोलत जा. शेफ प्रेक्षकांसाठी बोलतात. तू बोललीस की तुझं स्वतःचं लक्ष भांड्यात राहील.

शोमध्ये सगळं चिरून-मोजून आधीच मांडलेल्या त्या छोट्या छोट्या वाट्यांचं म्हणशील, तर सगळं तसं मांडायची गरज नाही. तेल तापल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जे लागतं तेवढंच हाताशी ठेव. बाकीचं करता करता चिरून होतं आणि सुट्टीची दुपार भांडी घासण्यात जात नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते. दर सुट्टीला नवा पदार्थ करणं थांबव. आमचे शेफ चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी तोच पदार्थ करून बघायचे, आणि त्याआधी आयुष्यात कितीदा तरी केलेला असायचा. तू पहिल्याच खेपेला त्यांची बरोबरी मागतेस. एकच पदार्थ निवड आणि सलग चार सुट्ट्या तोच कर. दर खेपेला प्रत्येक टप्प्याला तुझ्या गॅसवर, तुझ्या भांड्यात खरी किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेव.

पुढच्या पत्रात मला पदार्थाचा फोटो नको. वहीचं ते पान पाठव. कांद्यापुढे कोणता आकडा आहे, ते मी आधी बघणार आहे.

तुझी,
मावशी