बास गायकाने फ्रीलान्सची घाई करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 27, आवाज बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज), जर्मनीतलं शिक्षण संपत आलंय. एका छोट्या शहरातलं ऑपेरा थिएटर 2 वर्षांचा पगारी करार द्यायला तयार आहे, पण एजंट म्हणतोय की अडकू नका, फ्रीलान्स गा. माझं मत विचाराल तर करार घ्या. मीही बासच आहे, आधी पगारावर होतो, आता फ्रीलान्स गातो.

टेनर-सोप्रानोंचं, म्हणजे वरच्या आवाजांचं, गणित आपल्याला लागू पडत नाही. आपला आवाज उशिरा पिकतो. आज खोलीत खालचा एफ हा खोल सूर छान लागत असेल, पण मोझार्टच्या 'झाउबरफ्लोटे' या ऑपेरातला सारास्त्रो गाताना तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, आणि ती ताकद अंगात यायला वर्षं जावी लागतात. राजा फिलिप, बोरिस गोदुनोव्ह या बासच्या मोठ्या भूमिका तर त्याच्याही पुढच्या. पाहुणा, म्हणजे फ्रीलान्स, गायक बोलावताना थिएटरला भूमिका तयार असलेलाच माणूस लागतो. मग ती तयार करायची कुठे? कुर्ट मोलसारखा दिग्गज जर्मन बाससुद्धा आखेन, माइन्झ, वुपरटाल अशी पायरीपायरीने थिएटरं करत 1970 साली हॅम्बुर्गला पोचला.

छोट्या भूमिका मिळतील म्हणून नाराज होऊ नका. वर्दीच्या 'रिगोलेत्तो' ऑपेरातला भाडोत्री मारेकरी स्पाराफुचिले बघा. पहिल्या अंकात अंधाऱ्या गल्लीत काही मिनिटांचा संवाद, आणि निघताना स्वतःचं नाव सांगत खालच्या एफवर थांबायचं. त्या वेळी ऑर्केस्ट्रा इतका विरळ असतो की सूर जरा डगमगला तरी सगळ्या सभागृहाला कळतं. दुसऱ्या अंकात तुम्हाला कामच नाही. तिसऱ्यात थेट वादळात उतरायचं, तोही थंड पडलेला आवाज घेऊन. मधल्या वेळात किती बोलायचं, कधी पुन्हा गळा तापवायचा, हे कुठलाही क्लास शिकवत नाही. ते प्रयोगांमागून प्रयोग करूनच अंगवळणी पडतं, आणि तेवढे प्रयोग पगारी गायकालाच मिळतात.

आता पैशाचं. पाहुण्याचं मानधन बहुधा प्रयोगागणिक असतं. तालमींचे आठवडे त्यातच धरलेले, वर परगावच्या खोलीचं भाडं आणि एजंटचा वाटा. सर्दीने घसा बसला की त्या रात्रीचे पैसे गेले. 2020 मध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा पगारी मंडळींना काहीतरी मिळत राहिलं, आमच्यापैकी अनेकांच्या हातात मात्र रद्द झालेले करार उरले. आजही माझं घर चालतं त्यात चर्चमधल्या गाण्याचा वाटा मोठा आहे: डिसेंबरात बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ, ईस्टरआधी मॅथ्यू पॅशन. ही कामं मनापासून आवडतात, पण ती ओळखीने मिळतात, आणि ओळखी व्हायला एका गावात टिकून राहावं लागतं. शिवाय भारतीय पासपोर्टवर फ्रीलान्सचा परवाना मागताना उत्पन्नाची खात्री दाखवावी लागते. पगारी करार हाती असला की ती कटकट बरीच कमी होते.

सहीआधी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिल्या हंगामात नेमक्या कुठल्या भूमिका देणार, आणि बाहेर पाहुणा म्हणून गायला रजा मिळेल का. दोन्ही लेखी घ्या. करार पुढे चालू ठेवायचा नसेल तर तसं सहसा शेवटच्या हंगामातल्या 31 ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, तेव्हा फ्रीलान्सचा विचार त्याआधीच्या उन्हाळ्यातच करा. वाग्नरच्या ऑपेरातली हगेनची भारी भूमिका इतक्यात द्यायला निघाले तर मात्र स्पष्ट नाही म्हणा.