वाचकांचे प्रश्न: नवीन अ‍ॅपवर गर्दी झाली की ओटीपी का येत नाही?

प्रश्न: ताई, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सध्या गाजत असलेल्या एका नव्या मेसेजिंग अ‍ॅपवर जाऊया असं सगळ्यांनी ठरवलं, म्हणून रविवारी संध्याकाळी सोसायटी ऑफिसात बसून सगळ्यांना एकदमच अकाउंट काढायला लावलं. निम्म्यांना ओटीपीच येईना, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अर्ध्या तासाने एकदम ६ आले आणि एकही चालेना. सोमवारी पाणी बंद हा मेसेज काहींना मंगळवारी मिळाला. सगळे माझ्यावर चिडलेत. असल्या अ‍ॅपवर भरवसा ठेवायचा का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: आधी मनाला लावून घेऊ नका, यात तुमचं काही चुकलेलं नाही. ओटीपीचं कसं असतं, आपण नंबर टाकला की अ‍ॅपवाले एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीला सांगतात, ती मोबाईल कंपनीकडे देते आणि मग तो आपल्या फोनवर येतो, आणि ही सगळी सोय रोजच्या थोड्या लोकांचा अंदाज धरून केलेली असते. अचानक लाखो लोक आले की रांग लागते. आपल्याला धीर नसतो, आपण रिसेंड दाबतो, परत दाबतो, म्हणजे एकाच माणसाचे तीन-तीन एसएमएस रांगेत आणि रांग अजूनच लांब! त्यात बऱ्याच अ‍ॅपमध्ये नवा ओटीपी निघाला की आधीचा रद्द होतो, आणि शेवटी निघालेलाच शेवटी पोचेल असं काही नाही, तोवर त्याची वेळही संपते. आजोबांचं बहुतेक हेच झालं. त्यांना पहाटे लवकर बसवा, एकदाच दाबायला सांगा आणि शांतपणे थांबा.

मोठमोठ्यांचंही असं झालंय. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी २५,००० लोक आले आणि सगळा भार एका सर्व्हरवर. ब्राउझरच्या टॅबवर छोटंसं चित्र दिसतं ना, ती फाईल ठेवायचीच राहिली होती, ती मागणाऱ्या रिक्वेस्टनीच सर्व्हरला घाम फुटला.

पण मला सर्व्हरपेक्षा माणसांची जास्त काळजी वाटते. सर्व्हर भाड्याने वाढवता येतात, तक्रारी वाचणारी माणसं रातोरात कुठून आणणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर ब्लूस्काय या ट्विटरसारख्या अ‍ॅपवर रोज दहा-दहा लाख लोक येत होते, कंपनीत माणसं वीसेक, आणि एका दिवसात ४२,००० तक्रारी आल्या. अख्ख्या २०२३ सालात आल्या होत्या ३,६०,०००. फसवणारे, शिव्या देणारे नेमके अशाच वेळी घुसतात. म्हणून अ‍ॅप बंद पडलं तर चालेल, पण तक्रार केल्यावर काही होतं का ते बघा, आणि बिघाड झाला की कंपनी स्वतःहून सांगते का तेही बघा. गप्प बसणाऱ्यांवर मी भरवसा ठेवणार नाही. तोवर महिनाभर तरी पाण्याचे मेसेज जुन्या ग्रुपवरच टाका आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर कागदही लावा.

प्रश्न: आम्ही तीन मित्र कॉलेजच्या मुलांसाठी अ‍ॅप बनवतोय. एकदम व्हायरल झालं तर काय करायचं?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर: दार अर्धंच उघडा रे. २००३ मध्ये, फेसबुकच्याही आधी, मित्र जोडायची फ्रेंडस्टर नावाची साईट खूप गाजली होती, पण कोण कोणाच्या मित्राचा मित्र हे हिशोब करता करता ती इतकी स्लो झाली की लोक कंटाळून निघून गेले. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये आलं ते फक्त हार्वर्डपुरतं, मग एकेक कॉलेज घेत गेले, सगळ्यांना खुलं केलं थेट सप्टेंबर २००६ मध्ये. तुम्हीही आधी तुमचंच कॉलेज घ्या, मग शेजारचं एखादं. वेटिंग लिस्टचा लोकांना राग येत नाही, नंबर कितवा ते कळत नाही त्याचा येतो, तेव्हा तो नंबर स्क्रीनवर दाखवा. आणि तक्रारी रोज कोण वाचणार ते तिघांत आजच ठरवा, परीक्षेच्या दिवसांत कोण वाचणार तेसुद्धा.