डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी गोष्ट) अर्ध्यावर असताना 2014चे नियम सोडून 2024चे घ्यावेत का? जुनी पुस्तकं चालतील का?

तुमची चार पात्रांची कॅम्पेन सातव्या लेव्हलला आहे, तयार कथानकाचं अ‍ॅडव्हेंचर 2014च्या काळातलं आहे आणि दोन खेळाडूंना नव्या नियमांनी खेळायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत असं: अ‍ॅडव्हेंचर जुनंच ठेवा. पात्रं बदलायची असतील तर सगळ्यांची एकदम बदला.

जुनं अ‍ॅडव्हेंचर चालतं, कारण पाया तोच आहे. वीस बाजूंचा फासा, त्यात क्षमतेतून मिळणारी भर आणि जमणाऱ्या कामांसाठीचा, +2 पासून +6 पर्यंत वाढत जाणारा प्रोफिशियन्सी बोनस. दरवाजा फोडायची डीसी (फाशाने गाठायचा आकडा) 15 लिहिली असेल तर ती आजही तेवढीच अवघड आहे. फरक पडतो तो लढायांमध्ये. नवी पात्रं सुरुवातीपासूनच जास्त तगडी असतात: पहिल्याच लेव्हलला एक फीट (खास कसब) मिळतं, फायटरसारख्या क्लासना (पात्रांच्या पेशांना) वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्रांचे खास डाव, मिळते, क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्रामध्ये एका आठ बाजूंच्या फाशाऐवजी दोन टाकता येतात. त्यामुळे जुन्या लढाया हलक्या वाटायला लागतील. त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याच नावाच्या मॉन्स्टरचे नव्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकातले आकडे वापरायचे. उदाहरणार्थ, पूर्वी लांडगा चावला की खाली पडू नये म्हणून सेव्ह (बचावाचा फासा) टाकता यायचा. आता चावा लागला की माणूस आडवा, सेव्ह नाहीच. ऑर्कसारख्या काहींचे स्वतंत्र आकडे नव्या पुस्तकात नाहीत. तिथे बिनधास्त जुने घ्या, आणि लढाई फारच सोपी जातेय असं दिसलं तर एखादा शत्रू वाढवा.

खरी अडचण पात्रांमध्ये येते. 2014मध्ये क्षमतेचे वाढीव गुण वंशातून मिळायचे, 2024मध्ये ते पार्श्वभूमीतून मिळतात. जुन्या पुस्तकातला वंश आणि नवी पार्श्वभूमी एकत्र घेतली की वाढ दोनदा मिळते. अशा वेळी वंशाची वाढ सोडून द्यायची, असं नवं प्लेयर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तकच सांगतं. सबक्लासचंही (क्लासच्या उपशाखेचंही) तसंच. पूर्वी क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉक पहिल्या लेव्हलला सबक्लास निवडायचे, विझर्ड आणि ड्रुइड दुसऱ्या. आता सगळ्यांना तो तिसऱ्या लेव्हलला मिळतो. जुना सबक्लास हवा असेल तर त्याची सुरुवातीची वैशिष्ट्यं तिसऱ्या लेव्हलला द्या. तुम्ही सातव्या लेव्हलला आहात, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यासाठी कागदावरच राहतो.

जे करू नका ते म्हणजे एकाच क्लासची अर्धी पानं इथून आणि अर्धी तिथून घेणं. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या क्लासचं डिव्हाइन स्माइट, म्हणजे लागलेल्या वाराची इजा वाढवणारी ताकद, बघा. जुन्या नियमांत ते कृतीत मोजलं जात नसे. दोन वार लागले तर दोन्हींवर स्माइट करता यायचं. आता तो स्पेल (मंत्र) आहे आणि त्याला टर्नमध्ये एकदाच मिळणारी छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन लागते, म्हणजे एका टर्नमध्ये एकदाच. नव्या पॅलाडिनला बाकी बऱ्याच गोष्टी जास्त मिळाल्या आहेत, त्या या मर्यादेचा हिशोब धरूनच. कुणी नवा क्लास घेऊन जुनं स्माइट मागितलं, तर शेजारी बसलेल्या मित्रावर अन्याय होतो आणि तो त्याला प्रत्येक लढाईत जाणवतो. स्पेलची तर टेबलावर एकच आवृत्ती हवी. काउंटरस्पेलला (समोरच्याचा मंत्र थांबवणाऱ्या मंत्राला) एकाकडे कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, सेव्ह आणि दुसऱ्याकडे जुनी पद्धत, असं चालू ठेवलंत तर खेळाचा निम्मा वेळ वादात जाईल. दोघं बदलणार आणि बाकीचे नाही, याला माझा विरोध आहे तो याचसाठी.

तुम्ही 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतली अ‍ॅडव्हेंचर वापरण्याबद्दलही विचारलंय. तिथे गणित बदलतं. तेव्हा आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) जितका कमी तितका चांगला असे. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ते उलटं केलं. 20 मधून जुना आकडा वजा केला की नवा मिळतो, हे खरं. पण पाचव्या आवृत्तीत, म्हणजे 2014 आणि 2024च्या नियमांत, तसं करून भागत नाही. उणे 5 चे 25 होतात, आणि 2014च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये 25 आर्मर क्लास टॅरास्क या अजस्र राक्षसाचा आहे. त्या पुस्तकातला एन्शंट रेड ड्रॅगनसुद्धा 22 वर थांबतो. म्हणून इतकं जुनं अ‍ॅडव्हेंचर घेतलं तर आकड्यांचं रूपांतर करत बसू नका. नकाशा, माणसं, सापळे, कट-कारस्थानं तशीच उचला आणि मॉन्स्टर सरळ आजच्या पुस्तकातून बसवा.

नवी आवृत्ती जुन्याशी किती जुळेल हे शेवटी फाशांच्या गणिताला किती हात लावलाय यावर ठरतं. कॉल ऑफ कथुलू या दुसऱ्या भूमिका-खेळाच्या सातव्या आवृत्तीने क्षमता 5 ने गुणून टक्क्यांत आणल्या, म्हणजे 13 ची ताकद 65 झाली. कौशल्यं आधीपासूनच टक्क्यांत होती. म्हणून त्या खेळाची फार जुनी प्रकरणंही आज थोड्याशा गुणाकाराने खेळता येतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी, चौथी आणि पाचवी आवृत्ती यांच्यात तसा सोपा पूल नाही. 2014 आणि 2024 मध्ये तो आहे.

पुस्तकं घ्यायच्या आधी एसआरडी 5.2, म्हणजे 2024च्या नियमांचा मोफत मूळ संच, उतरवून घ्या. ती 2025मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली आहे. सगळे सबक्लास त्यात नाहीत, पण तुमच्या चारही पात्रांचे क्लास तिथे आहेत. कॅम्पेनच्या दोन टप्प्यांमध्ये एक दिवस ठेवा, सगळ्यांना पात्रं नव्याने बांधू द्या आणि आधी झालेली एखादी लढाई पुन्हा खेळून बघा. ज्यांना बदल नको आहे त्यांचं मत त्या लढाईनंतर विचारा, आधी नको.